गुइदो म्हणजे रान

“पण त्याचा अर्थ काय होते?” पाळण्याची दोरी बांधता बांधता गोविंदानं मुलाला विचारलं.

“रान,” धम्मदीप म्हणाला. “इटलीतलं जुनं नाव आहे, बाबा. गुइदो म्हंजे रान.”

गोविंदाचं समाधान झालं. केळापूरच्या या घरात अर्थ विचारल्याशिवाय कुणाचं नाव ठेवत नसत. गोविंदाच्या बापाच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून त्याचं नाव कचरू ठेवलं होतं. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला त्याच दिवशी त्यानं घरात बजावलं होतं, यापुढे आपल्यात हलक्या अर्थाचं नाव नको.

धम्मदीप अभयारण्यात जिप्सी चालवायचा. बायकोचं, रुपालीचं पोट अवेळी दुखू लागल्याचा फोन आला तेव्हा त्याच्या गाडीत इटलीचा एक पाहुणा बसलेला होता. वाघ राहू दे म्हणत त्यानंच गाडी गावाकडे वळवायला लावली आणि दवाखान्यापर्यंत रुपालीला आधार देऊन बसला. आधीची दोन बाळं हातची गेली होती. हे तिसरं जगावं, याउपर घरात कुणाला काही नको होतं. अशा माणसाचे उपकार फेडायचे तरी कसे? धम्मदीपनं त्याचंच नाव बाळाला द्यायचं ठरवलं.

फोनवर शोधताना मात्र त्याला आणखी काही सापडलं होतं. अमेरिकेत हे नाव चिडवायला वापरतात. केसांना जेल थापून, गळ्यात साखळ्या घालून, छाती काढत फिरणारा बिनडोक इटालियन पोरगा म्हणजे गुइदो. हे त्यानं पोटातच ठेवलं.

बाळाचं नाव ऐकल्यापासून रुपालीला चैन नव्हतं. रान हा अर्थ कळल्यावर तर तिचा चेहरा आणखी उतरला. बाया जमायच्या आत तिनं नवऱ्याला आतल्या खोलीत बोलावलं.

“दुसरं नाव पाहा.”

“काहून? त्या माणसाले मी शब्द देल्ला.”

“मले भेव वाटते.”

हिला कुणीतरी सांगितलंच, असं धम्मदीपला वाटलं. बायकोपासून लपवाछपवी त्याला कधी जमली नव्हती. मान खाली घालून तो सगळं सांगून मोकळा झाला.

“म्हंजे लोकं हासतेत या नावाले?” रुपालीनं विचारलं.

“हासतेत. शिवीच आहे तिकडे. बाबाले सांगू नको. आपण दुसरं पाहू.”

रुपालीनं बाळाला उराशी घेतलं. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच तिचा चेहरा निवळला.

“नाही, हेच ठेवा,” ती म्हणाली. “पयल्या दोघायचे नावं लय चांगले ठेवलते आपण.”