निर्जळ

“नीरु,” गिरिजाबाई म्हणाल्या. डोळे मिटलेलेच होते.

नर्मदेनं उशाशी झाकून ठेवलेली वाटी उघडली. कावेरीचं पाणी, वर तुळशीचं पान. तिनं चमचा भरला, तेवढ्यात मालोजीरावांनी तिचं मनगट धरलं.

“थांब गं. आत्ता नको.”

“अय्यो अण्णा, पाणी मागतेय आई. मागेल ते द्या म्हणून डॉक्टर कालच सांगून गेलेत.”

“मराठीत मागू दे.”

त्यांनी टेपरेकॉर्डर उशीवर सरकवला. बटण दाबलं. लाल दिवा लागला.

मालोजीराव राज्यशास्त्राचे प्राध्यापक. भाषेवरून राज्यं आखली, तरी माणसाची ओळख त्या रेघांत मावत नाही. शेवटच्या घटकेला तो आपल्या मूळ बोलीकडेच वळतो, असं त्यांचं म्हणणं. मागच्या खेपेला दिल्लीच्या परिषदेत एकानं विचारलं होतं, “तुमचे म्हैसूरचे मराठे म्हणजे घरात तलवार पुजणारे कन्नडिगच की नाही?” सगळं सभागृह हसलं होतं. त्याच सभागृहात त्यांना या गुरुवारी पुन्हा उभं राहायचं होतं.

“आई, मी मालू. काय हवं तुला?”

“नीरु कोडो, मालू.”

“आपल्या भाषेत सांग. मला लहानपणी शिकवलंस ना, तसं.”

गिरिजाबाईंची जीभ ओठांवरून फिरली. ओठ सुकून एकमेकांना चिकटत होते.

“काय रे हे?” नर्मदा म्हणाली. “जन्मभर बाजार कन्नडात केला तिनं, शेजारणींशी भांडली कन्नडात, देवाची गाणीसुद्धा कन्नडच म्हणाली. आता कसली परीक्षा घेतोस तिची?”

“तिची नाही. परीक्षा माझी आहे,” मालोजीराव म्हणाले. “तुला नाही कळायचं.”

परीक्षा म्हटल्यावर गिरिजाबाईंनी डोळे उघडले. शाळेपासून एम.ए.पर्यंत, मालूची परीक्षा जवळ आली की त्या सोमवार धरायच्या. निर्जळ. शेवटचा पेपर होईपर्यंत एकही सोमवार मोडला नव्हता. त्यांनी मुलाकडे पाहिलं. मग त्या लाल दिव्याकडे.

“पाणी,” त्या म्हणाल्या. आवाज बारीक, पण स्वच्छ होता. “पाणी दे, बाळा.”

नेमकी तेव्हाच हिनकलची बस हॉर्न वाजवत खिडकीखालून गेली.

नर्मदेनं चमचा पुढे केला. मालोजीरावांनी तो तळहातानं अडवला आणि दुसऱ्या हातानं टेप मागे घेतली. ऐकली. हॉर्न होता. त्याच्याखाली काहीतरी पुटपुटल्यासारखं.

“आणखी एकदा, आई. फक्त एकदा. गाडी आली मध्ये.”

गिरिजाबाईंचे ओठ हलले. मालोजीरावांनी यंत्र त्यांच्या तोंडाशी नेलं. काही आलं नाही. ते वाट पाहत राहिले.

नर्मदेनं त्यांचा हात ढकलला आणि चमचा आईच्या तोंडात रिकामा केला. पाणी क्षणभर आत थांबलं. मग ओठांच्या कोपऱ्यातून निघालं आणि मानेवरून उशीत उतरलं. तुळशीचं पान हनुवटीला चिकटून राहिलं.

टेप फिरतच होती.

“म्हणाली असती,” मालोजीराव म्हणाले. “एवढी घाई केली नसतीस तर.”

नर्मदेनं पदरानं आईची हनुवटी टिपली. पान वाटीत परत ठेवलं.

“तिनं घेतलं कुठं पाणी?” ती म्हणाली. “आज सोमवार, अण्णा. तुझी परीक्षा व्हायचीय अजून.”