दुसरा भाग

वसईत सिनेमा पाहून रिक्षाने सांडोरला परतताना आत्मारामांनी विचारलं, "कसा वाटला रे पोरांनो?" नवा हिरो घेऊन पुन्हा सुरू झालेल्या सुपरहिरो-मालिकेचा हा दुसरा भाग.

"जुन्या हिरोची सर नाही," केयूर म्हणाला.

"पोरखेळ आहे, बाबा!" नेत्रा हसली.

"तो बापाला पाठीवर घेऊन उडतो ना, तिथं मला रडू आलं बुवा," म्हणत ते बाहेर पाहत राहिले.

सकाळी ते उठलेच नाहीत.

दहाव्याला तळ्याकाठी कावळा पिंडाला शिवेना. "वाडी विकणार नाही," केयूरने शब्द दिला. "वहिनींना अंतर देणार नाही," काका म्हणाले. कावळा फांदीवरच.

नेत्रा हात जोडून पुढे झाली.

"बाबा, तिथं मीही रडले होते. तुम्हाला दिसू नये म्हणून अंधारात ओढणीने डोळे पुसले."