त्रयस्थाचा हस्तक्षेप

कालीबाईने ओली गोधडी उचलून अंगणावरून गेलेल्या काळ्या तारेवर टाकली. तार वाकली आणि हलत राहिली.

तार तपासायला आलेल्या एकताच्या हातातल्या टॅबवर चुकांचा आकडा चढू लागला. चार टक्के. नऊ. तेरा.

"मावशी, ती जरा काढा."

कालीबाईने गोधडी ओढून घेतली. थोड्या वेळाने आकडा तीनवर येऊन थांबला. एकताने पुन्हा टाकायला लावली. पुन्हा तेरा. तिने वहीत वेळ लिहिली : नऊ वाजून चाळीस.

तळोद्याहून नंदुरबारकडे या तारेतून प्रकाशाचे कण जात. त्यांच्यापासून दोन्ही टोकांना एकच गुप्त किल्ली तयार होई. मध्ये कोणी डोकावलं, तर कण बिघडत, चुका वाढत आणि यंत्र ती किल्ली टाकून देई. गेले दहा दिवस रोज सकाळी चुका वाढत होत्या. एकताने अहवालात एक ओळ लिहिली : त्रयस्थाचा हस्तक्षेप संभवतो. साहेबांनी तो अहवाल वर पाठवला. मग पोलीस तार धरून चालत आले. वसाहतीत तार एका ठिकाणी सैल पडली होती, हाताला लागत होती. ते घर कालीबाईच्या नवऱ्याचं, आमशाचं होतं. पोलिसांनी त्याला उचलून नेलं.

तिने साहेबांना फोन लावला.

"सर, गोधडी आहे. वाळत घातलेली."

"कारण सापडलं ना? मग नवा अहवाल पाठव. मागच्याचा उल्लेख नको."

"सर, त्या माणसाला दोन दिवस..."

फोन बंद झाला होता.

आमशा ओट्यावर बसला होता. उजवा हात त्याने मांडीवर ठेवला होता. बोटं सुजून एकमेकांना चिकटली होती.

"काल सांजले घर उना," कालीबाई म्हणाली. "तवयपाशीन बोलत नही."

एकता ओट्याजवळ जाऊन उभी राहिली. आमशाने वर तारेकडे पाहिलं.

"ताई, यामा काय जास?"

"आकडा जातस, दादा."

"कोन्हा?"

"आजून कोन्हाच नही. नुसती चाचणी शे."

त्याने मान हलवली. कालीबाई गोधडी दोन्ही हातांत धरून उभीच होती. गोधडीचं पाणी तिच्या पायांवर गळत होतं.

"तो कागद मीच लिखा व्हता," एकता म्हणाली. "तारवर कोनीतरी शे, आसं."

"मन्हं नाव लिखं व्हतं?"

"नही. नाव नव्हतं."

आमशाने सुजलेल्या हाताकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. मग त्याने हळूच विचारलं,

"मंग त्यास्नी माले कसं वळखं?"