रविवारचं पुडिंग

सुकदेवने चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटून वाट पाहिली. काहीच लागलं नाही. गोडी नाही, दुधाची चव नाही, जायफळाचा वाससुद्धा नाही. कोमट, मऊ असं काहीतरी घशाखाली उतरलं, एवढंच.

भट्टी तापली होती. फळीवर मोठे ट्रे भरून ठेवलेले होते. आठवडाभरात न खपलेले केक, बन आणि मोडकी नानकटाई त्यांत कुसकरून घातली होती आणि वरून अंडी-साखर घोटलेलं दूध ओतलं होतं. सगळे शिळे तुकडे दूध पिऊन टम्म फुगले होते. ट्रे आत सारण्याआधी एका वाटीत थोडं भाजून चाखायचं, ही भुसावळच्या म्हाताऱ्या गोवेकर उस्तादाची शिकवण. उस्ताद गेला, पण सुकदेवने ती सोडली नव्हती. आता वाटी हातात होती आणि तिचा काही उपयोग नव्हता.

जळगावात त्याची बेकरी चालली ती या पुडिंगावर. गावातले लोक आजाऱ्यासाठी बन नेत, तेवढंच. पण स्टेशनवरच्या साहेबी खानावळीत रविवारी सकाळी पुडिंग जायचं, आणि तिथले गार्डसाहेब न्याहारीला ते हटकून मागायचे. मग उन्हाळ्यात सुकदेवला मुदतीचा ताप आला. त्यातून तो उठला, पण जीभ उठली नाही. त्याने हे कुणालाच सांगितलं नाही. अंदाजाने करत राहिला. एका रविवारी पुडिंग गोडमिट्ट झालं, पुढच्या रविवारी पाणचट. ट्रे तसेच परत आले. खानावळीचा बटलर काही वाईट माणूस नव्हता. एकदा आणखी बघतो म्हणाला, नाहीतर भुसावळहून मागवावं लागेल.

चाखायला दुसरं कुणी नव्हतं. हाताखालचा छगन दोंडाईच्याला सासरी गेला होता. शेजारी भिकमचंद शेटजींच्या घरचे भट्टीच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत. आणि ताईबाईला विचारायचा प्रश्नच नव्हता.

ताईबाई त्याची बायको. सोनगीरच्या शेतकरी घरातली. त्या घरात अंडं कधी आलं नव्हतं, आणि पाव ताडीने फुगवतात म्हटल्यावर तिच्या बापाने मुलीला जळगावला पाठवायलाच नकार दिला होता. शेवटी त्या भट्टीतलं काहीही तोंडात घालणार नाही, अशी बापाच्या पायावर हात ठेवून आण घेतली, तेव्हा कुठे ती नांदायला आली. ती मैदा चाळी, भांडी घाशी, गिऱ्हाइकाला बन बांधून देई. जेवताना मात्र तिची भाकर वेगळ्या चुलीवर. लग्नाच्या नव्या नवलाईत सुकदेवने एकदा गरम केक तिच्यापुढे धरला होता. ती दोन पावलं मागे सरली. त्यानंतर त्याने कधी धरला नाही. वाईट वाटलं होतं, पण ते त्याने मनातच ठेवलं.

ती पाण्याची घागर घेऊन आत आली, तेव्हा तो वाटी धरून तसाच बसलेला होता. तिने घागर उतरवली आणि त्याच्याकडे पाहत उभी राहिली.

"माले चवच लागत नही," सुकदेव म्हणाला.

मग त्याने सगळंच सांगून टाकलं. तापापासून असं आहे. आजचा ट्रे परत आला की भट्टी विझवायची, सोनगीरला जायचं, तिच्या भावाच्या शेतात राबायचं. बोलताना तो तिच्याकडे बघत नव्हता.

ताईबाईने हात धुतले, पदराला पुसले. त्याच्या हातातली वाटी काढून घेतली, एक घास घेतला आणि भिंतीकडे तोंड करून सावकाश खाल्ला.

"गोड बराबर शे," ती म्हणाली. "जायफळ कमी शे."

सुकदेवने जायफळ घेतलं आणि ट्रेंवर किसू लागला. ती बघत होती. पुरे झालं तेव्हा तिने हात वर केला. ट्रे भट्टीत गेले.

ऊन चढायच्या आत तो स्टेशनवर पोहोचला. बटलरने कोपऱ्यातून एक तुकडा कापला, खाल्ला, आणि दुसरा कापून घेतला. पुढच्या रविवारी एक ट्रे जास्त आण म्हणाला. आत टेबलांवर बशा वाजू लागल्या.

सुकदेव रिकाम्या हातांनी परत निघाला. खरं तर त्याने आनंदात असायला हवं होतं. पण वाटभर त्याला ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिलेली दिसत होती. बापाच्या पायावर हात ठेवून घेतलेली आण तिने इतकी वर्षं पाळली होती. त्याच्या निकामी जिभेपायी ती आण आज मोडली. सोनगीरला जाऊन आपणच सासऱ्याचे पाय धरावेत, तिला यात बोल लागू देऊ नये, असं त्याने ठरवलं.

ती मागच्या दारी भांडी घासत बसली होती. तो तिच्याजवळ उकिडवा बसला. ट्रे ठेवून घेतले, म्हणाला. मग त्याने राखेने माखलेल्या तिच्या हातांकडे पाहिलं.

"मन्हामुळे तुन्ही आण मोडनी," तो म्हणाला.

ताईबाईचे हात थांबले. तिने मान वर केली नाही, पण तिच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या त्याला दिसल्या.

"आज नही मोडनी," ती हळूच म्हणाली. "पहिलाच वरीसले मोडनी."