धाग्याची पारख

डोक्याच्या ऑपरेशननंतर अभयकुमार शुद्धीवर आले, पण बायको मोहनबाईंकडेही परक्यासारखे बघत राहिले. देवपूरच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "रोजच्या सवयीचं काहीतरी हातात द्या."

मुलगा अखिल धावत खाली गेला आणि गाडीतून नमुन्याच्या कापसाचा पुंजका घेऊन आला. बाबूजी आजारी पडल्यावर त्याने पहिल्यांदाच स्वतःच्या हिमतीवर ट्रकभर माल उचलला होता. महागड्या शर्टांना लागतो तो, रेशमासारखा मऊ, लांब धाग्याचा कापूस.

पुंजका बाबूजींच्या हातात नुसताच पडून राहिला. मोहनबाईंनी डोळे मिटून नवकार मंत्राचा जप सुरू केला.

तेवढ्यात बोटं हलली. दोन्ही हातांच्या चिमटीत धरून बाबूजींनी कापूस ओढला, टोकं जुळवली, पुन्हा ओढला. अमळनेरच्या बाजारात उभी हयात ते असाच धागा पारखत आले होते.

"बाबूजी, लांब धागा आहे. मीच घेतलाय," अखिल कसाबसा बोलला. "ओळखलंत का मला?"

बाबूजींनी पुंजक्यावरून नजर उचलून त्याच्याकडे पाहिलं.



"आखूड धाग्याचा माल लांब म्हणून उचलणारा दुसरा कोण असणार? अखिल!"