जेवढं बोलेल तेवढंच

१९९३ साली महापालिकेने पाणीपट्टी भरायची एक खिडकी बंद केली आणि तिथे परदेशांतून पोटासाठी आलेल्या लोकांची खिडकी उघडली. तेव्हा त्याचं फार अप्रूप होतं. भिंतीवर रंगाऱ्याने निरनिराळ्या लिपींत एकच वाक्य लिहिलं होतं : तुम्ही या शहरात कसे आलात, हे इथे विचारलं जात नाही. रंगाऱ्याला त्यातली एकच लिपी येत होती, त्यामुळे काही अक्षरं उलटी पडली होती. लोक समजून घेत.

खिडकीमागच्या खोलीत अधिकारी बाईंच्या शेजारी मावशी बसत. मावशी दुभाषी. तरणेपणी या शहरात आल्या आणि इथेच पिकल्या. त्यांच्या कामाचा नियम एकच होता : समोरचा जेवढं बोलेल तेवढंच सांगायचं. पदरचं घालायचं नाही, पोटात ठेवायचं नाही. दारावरचा शिपाई म्हणे, "मावशींच्या जिभेला दोन टोकं आहेत, पण विष नाही हो!" मावशी हसत.

एका सकाळी एक पोरगी आत आली. हातात दुधाची पिशवी, नजर फरशीवर. खुर्चीच्या कडेला टेकली, वर पाहिलं आणि ताडकन उभी राहिली.

"आजी, तुम्ही?"

ती मावशींच्या लेकीकडे नातवाला सांभाळायला होती. लेकीनेच तिला मायदेशातून आणवली होती. अधिकारी बाईंना त्या हाकेत काही वावगं वाटलं नाही. खिडकीवर येणारे सगळेच मावशींना कसल्या ना कसल्या नात्याने हाक मारत.

"काय म्हणतेय?" त्यांनी मावशींना विचारलं.

"काही नाही," पोरगी घाईने म्हणाली. "दूध आणायला निघाले होते. वाट चुकले."

मावशींनी तेवढंच सांगितलं.

अधिकारी बाई हसल्या. "पहिल्यांदा सगळेच वाट चुकतात. बसा म्हणावं. आणि सांगा तिला, इथे बोललेलं पोलिसांकडे जात नाही, मालकाकडे जात नाही. ज्याचा पासपोर्ट त्याच्याच हातात हवा. कुणी काढून घेतला असेल, तर आम्ही त्याला इथे बोलावतो. तिला नाही, त्याला."

हे बोलणं मावशींना तोंडपाठ होतं. त्या दिवशी त्यांनी ते पोरगीकडे न बघता सांगितलं.

पोरगी त्यांच्याकडे बघत राहिली. "आजी, हे तुम्ही सांगताय की त्या?"

"त्या."

"काय विचारतेय?" अधिकारी बाई म्हणाल्या.

"खात्री करून घेतेय."

मग पोरगी बोलायला लागली, अधिकारी बाईंकडे बघून. घरून निरोप आलाय. आई अंथरुणाला खिळलीय, पोटात अन्न ठरत नाही. मालकीणबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, बाळाचा वाढदिवस होऊ दे, मग बघू. वाढदिवस झाला. आता म्हणतात, त्याचं अंगावरचं दूध तोडायचंय, तेवढं होऊ दे.

मावशींनी शब्दन् शब्द सांगितला. वाढदिवसाच्या केकचा पहिला तुकडा नातवाने आजीच्याच तोंडात कोंबला होता. टाळ्या वाजवणाऱ्यांत ही पोरगीही होती.

"पासपोर्ट कुणाकडे आहे?" अधिकारी बाईंनी विचारलं.

मावशींनी प्रश्न पोहोचवला.

पासपोर्ट मावशींच्या घरी होता. पेटीत, शालींच्या खाली. "माझ्याकडे ठेवला तर शोधून काढेल, आई. तू ठेव," लेक म्हणाली होती. "आण इकडे," असं मावशीच म्हणाल्या होत्या. तेव्हा ही पोरगी तिथेच चहा गाळत उभी होती.

पोरगीने मावशींच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. मग मान खाली घातली.

"सांगा आजी, मला माहीत नाही."

मावशींनी ओठ ओले केले. नियम एकच होता.

"तिला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

घरचा पत्ताही पोरगीने सांगितला नाही. उद्या नक्की ये, असं अधिकारी बाईंनी तिला दोनदा बजावलं. पिशवी छातीशी धरून ती उठली. "निघते. दूध नासलं तर बाई बोलतील."

मावशींनी तेही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी खिडकीखालच्या तक्रारपेटीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला पासपोर्ट निघाला. अधिकारी बाईंनी तो उघडला, फोटो पाहिला आणि लहान मुलीसारखी टाळी वाजवली.

"बघितलंत मावशी? कुणाला तरी लाज वाटली!"

हे मावशींना दुसऱ्या भाषेत कुणाला सांगायचं नव्हतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

थोड्या वेळाने पोरगी आली आणि त्या घराकडे परत फिरकलीच नाही. महापालिकेच्या गाडीतून शिपाई तिला विमानतळावर सोडून आला. दुधाची पिशवी खुर्चीवर राहिली. आईची भेट झाली की नाही, ते इकडे कुणाला कळलं नाही.

लेकीने पोरीच्या नावाने पुष्कळ बोटं मोडली. "तुझ्या पेटीतला पासपोर्ट तिच्या हाती लागला कसा?" असं तिने आईला एकदाच विचारलं. मावशी म्हणाल्या, "मला माहीत नाही."

नातू काही दिवस दाराकडे बघून रडला, मग विसरला. आता तो सहा फूट उंच आहे. शिपाई निवृत्त झाला त्याच हिवाळ्यात गेला. अधिकारी बाई त्या खात्याच्या प्रमुख झाल्या, आणि शहराच्या प्रत्येक भागात तशी खिडकी झाली. मावशींच्या निरोपसमारंभात त्यांनी मावशींना काचेचं मानचिन्ह दिलं. त्यावर कोरलं होतं : 'ज्यांना आवाज नव्हता, त्यांचा आवाज.'

ते कुणी भिंतीवर कधी पाहिलं नाही. मावशी गेल्यावर लेकीला ते पेटीत सापडलं, शालींच्या खाली.

"आईला मिरवायची हौस नव्हतीच कधी," लेक म्हणाली, आणि पदराने काच पुसायला लागली.