तिसऱ्या ओळीतली मोकळी जागा

आईच्या खोलीत जमिनीवर मोठे मोठे फोटो मांडले होते, तीन ओळींत. दादा पायमोजे घालून त्यांच्यामधून जपून पावलं टाकत होता. छायाचित्र मंडळाचा अध्यक्ष तो. धाकट्या बहिणीचा पोर्टफोलिओ मंडळाच्या मानांकनाला जायचा, सभागृहात पंचांसमोर लागायचा, तर आधी आपल्या नजरेखालून जायलाच हवा, असं त्यानेच फोनवर सांगितलं होतं.

"हा इथे नको, चिमे. नजर बाहेर पळते." त्याने दोन फोटोंची अदलाबदल केली. "आता बघ, ओळ कशी बसली."

"बसली," ती म्हणाली.

"आणि तिसऱ्या ओळीत शेवटी हे काय, मोकळंच?"

"एक यायचाय अजून."

सगळे फोटो याच खोलीतले. आई खिडकीकडे तोंड करून बसलेली. आई चमच्याला नको म्हणताना. आईचे केस विंचरणारी नर्स. आई झोपलेली, हात पलंगाबाहेर लोंबणारा.

"काम चोख आहे हं. प्रकाश तर काय सुरेख पकडलायस! पण पंच बाहेरून येतात, आणि चहा मिळेपर्यंत सगळ्यांना धारेवर धरतात. पहिलं विचारतील, या सगळ्यांना बांधणारा धागा कुठाय? आजारी आई काय, घरोघरी असते."

"धागा आहे, दादा."

"मग मला कसा दिसत नाही? अर्धं आयुष्य लोकांचे फोटो तपासण्यात गेलं माझं." तो उकिडवा बसला. "आणि ही खुर्ची आधी काढ बाई. जिथे तिथे कडेला घुसलीय. नुसती जागा अडवते. कात्री लाव तिला."

"तिच्यावरची उशी बघ ना जरा."

त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि वाकून पाहिलं. वेताची खुर्ची, तिच्यावर निळ्या चौकड्यांची उशी. टम्म फुगलेली. पुढच्या फोटोत तशीच. त्याच्या पुढच्या फोटोत आई पार वाळून गेली होती; उशी तशीच.

"आई कुणाला टेकू द्यायची नाही तिथे," एका फोटोची कड सरळ करत ती म्हणाली. "डॉक्टर आले तरी स्टूल पुढे करायला लावायची. दादा दमून येईल, म्हणायची, त्याला पाठ टेकायला होईल."

दादाने चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला.

"माझ्यामागे काय काय होतं, तुला माहितीय. प्रदर्शन, मग ते बाहेरगावचे पाहुणे..."

"हो ना. शोकसभेत मात्र छान बोललास. शेवटपर्यंत आईच्या उशाशी होतो, तिचा हात माझ्या हातात होता. शेजारच्या काकू अजून सांगतात, मुलगा असावा तर असा."

तिचा आवाज नेहमीसारखाच होता, झोपलेल्या माणसाच्या खोलीत बोलतात तसा.

"चिमे, हे तू सभागृहात लावणार?"

"मी फक्त द्यायचे. लावायचे अध्यक्षांनी. फोटोंसोबतचं निवेदनही तूच वाचतोस ना दरवेळी, माइकवर?"

"काय लिहिलंयस त्यात?"

"एकच वाक्य. ही खुर्ची आईने तिच्या मुलासाठी राखून ठेवली होती."

"माझी अब्रू जाईल गं."

"तूच म्हणालास, काम चोख आहे."

तो उठला, दोन पावलं मागे सरला. पाय एका फोटोवर पडणार होता. तो सावरायला गेला, मागे हाताला काहीतरी लागलं, आणि तो तिथेच मटकन बसला. वेत करकरला. उशी खाली दबली.

तिने खिडकीतला कॅमेरा उचलला. समोर पलंग होता, उघड्या फळ्यांचा; गादी गुंडाळून उभी करून ठेवलेली. अलीकडे खुर्चीत दादा, कोपरं गुडघ्यांवर रोवून, पुढे वाकलेला, तोंड ओंजळीत.

तिने भिंगाची कड फिरवली. मग हळूच म्हणाली,

"पाठ टेक ना, दादा. तुझ्यामुळे पलंग झाकला जातोय."